रिकामी खाट

आठ वर्षांपूर्वी आगाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, वाळवंटातल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून पत्र आलं होतं. ‘पेर्देबाय, डॉक्टर म्हणतात मी पूर्ण बरा झालो. मला घरी ने.’ ते मी चिमट्यात धरून वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

यंदा माझ्याच पोटऱ्यांवर काळसर डाग उठले. पंधरा दिवस पाय कुणाला दाखवले नाहीत. मग भीतीनंच लिहिलं, ‘आगा, तुझ्या शेजारी एखादी खाट रिकामी आहे का?’ आणि पाकीट खिशात घालून दवाखान्यात गेलो.

डॉक्टर गुलायशानं डागावर सुई टेकवली. “डोळे मिटा, आजोबा. टोचतंय?”

“टोचतंय.”

“आणि इथे?”

“अगं, जीव घेतेस की काय!”

ती हसली. “मग कुष्ठरोग नाही. त्यात डाग बधिर असतो. तुमच्या केसांची मुळं सुजली होती. सूज गेली, डाग राहिले. एवढी पुस्तकं वाचता आणि उकाड्यात लोकरी बूट घालून बसता!”

बाहेर टपालपेटी होती. ‘आता कशाला पाठवायचं,’ असं मनात आलं, आणि डागांना भ्यालो नव्हतो इतका मी स्वतःला भ्यालो. पेटीवरच कागद टेकवून खाटेची ओळ खोडली, ‘गुरुवारी न्यायला येतो’ असं लिहिलं, पाकीट चिकटवून आत टाकलं. मग फटीत बोटं घालून ते परत काढता येतं का पाहिलं.

येत नव्हतं.