दोघं बसले की

“दिवसभर माझं भाषांतराचं काम नीट दाखवतो, पण संध्याकाळी टीव्ही काही लागत नाही मेला,” नव्या मॉनिटरकडे बोट दाखवत केळुसकरकाकू म्हणाल्या.

मॉनिटरच्या कंपनीचा रोहिदास तपासायला त्यांच्या शेजारी सोफ्यावर टेकला, आणि मालिका आपोआप सुरू झाली.

“बिघाड नाही, काकू. हा समोरची माणसं ओळखतो. एकटं कुणी दिसलं की कामाला लावतो, दोघं बसले की टीव्ही होतो. एकट्यासाठीही टीव्ही लागेल असं करून देऊ?”

काकूंनी भाजलेल्या शेंगांची वाटी त्याच्यापुढे सरकवली. मालिका संपेपर्यंत दोघं शेंगा सोलत बसले.

तो उठला, तसा पडद्यावर पुन्हा भाषांतराचा मजकूर आला.

“नको,” काकू म्हणाल्या. “बिघाड सापडला नाही म्हणून सांग ऑफिसात. उद्या परत ये.”