उजवीकडचा खिसा

डोंगरातल्या गोठ्यात सापडलेला कोट संग्रहालयात आला, तेव्हा कार्डावर मीच लिहिलं होतं, 'सैनिकी कोट. मालक अज्ञात. शिवणीत चूक.' कारण आतला खिसा नेहमी डावीकडे असतो आणि याला तो उजवीकडे होता. अस्तरावरच्या शिक्क्यात शिवणारीचा नंबर होता, सत्तेचाळीस. त्याचा माग काढत मी कारखान्याच्या जुन्या हजेरीपटापर्यंत आणि तिथून कोट घेऊन एका आजींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचलो. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि त्या उखडल्याच. "चूक? लढाईच्या चार वर्षांत माझा एक टाका कुणी उसवायला लावला नाही! हा खिसा मुद्दाम तिकडे लावलाय. धाकटा भाऊ डावखुरा होता. त्याच्या तुकडीचे कोट शिवायला आले, तेव्हा मुकादमाची नजर चुकवून हा एक शिवला आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. पुढे ना त्याचं पत्र आलं, ना तो. कोट कुणाच्या अंगावर गेला, देव जाणे." त्यांनी कोट मांडीवर घेतला, अस्तर उलटलं आणि खिशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बाकीचं अस्तर धड होतं. ती कड मात्र हात जाऊन जाऊन पार विरली होती. बराच वेळ त्यांचा अंगठा तिथेच राहिला. "उजव्या हाताचा माणूस या खिशाकडे ढुंकूनही बघणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "पेन काढा. आधी ती 'चूक' खोडा. मग 'अज्ञात' खोडा. नाव सांगते."