वरचा सा

“‘वरच्या षड्जाच्या उंबरठ्यावरून बाई माघारी वळल्या. तो सूर श्रोत्यांच्या मनात उमटवण्याचं हे धाडस प्रगल्भ गायिकाच करू जाणे!’” शिष्या ऋजुता परवाच्या मैफलीचं परीक्षण मोठ्यानं वाचत होती.

प्रमिलाबाईंनी ज्येष्ठमधाची काडी या गालातून त्या गालात सरकवली. “बरं लिहितो हो मेला,” एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला बोला, मनातून सुखावल्या होत्या.

मग तालीम सुरू झाली. ऋजुता तानपुरा छेडत निषादापर्यंत चढली आणि अलगद माघारी वळली. पुन्हा चढली, पुन्हा वळली.

“अगं, वरचा सा कुठे गेला?”

“श्रोत्यांच्या मनात, बाई. तुमच्यासारखा,” ऋजुता लाजून म्हणाली.

बाईंना आधी हसू फुटलं, मग त्यांनी तोंडातली काडी काढून बाजूला ठेवली. उद्या ही आपल्या शिष्यांना हेच शिकवणार, आणि पुढे कुणीतरी त्याला घराण्याची खासियत म्हणणार.

गुरूनं शिष्येसाठी तानपुरा धरायची त्या घरात पद्धत नव्हती. बाईंनी तो तिच्या मांडीवरून काढून आपल्या मांडीवर घेतला.

“ते धाडसबिडस काही नव्हतं गं. मला तो लागलाच नाही. तुला लागतोय ना? मी छेडते, तू घे.”