गच्चीवरचा ढीग

चौदा मजले आणि वरची गच्ची सगळ्यांची, असा बिल्डरने मुलुंडच्या आमच्या सोसायटीला शब्द दिला होता. पुनर्विकासाच्या सह्यांआधी त्याने नव्या इमारतीचं छोटं मॉडेल प्रयोगशाळेत भूकंपाच्या टेबलावर गदागदा हलवून दाखवलं. एक चीर गेली नाही. सगळ्यांनी पेनं काढली; जानकीताईंनी चष्मा पुसला.

"मजल्यामजल्यावर ही लोखंडी वजनं कशाला गं?" त्यांनी तिथल्या इंजिनीयर मुलीला विचारलं.

"मॉडेल हलकं पडतं ना, काकू. माणसं, सामान यांच्या हिशेबाने ठेवतो."

"गच्चीवर आम्ही पापड वाळवणार, हत्ती नाही बांधणार. तिथे एवढा ढीग?"

बिल्डरला खोकला आला.

"ते चौदाव्याच्या वरचे चार मजले, काकू," मुलगी म्हणाली. "उंची टेबलावर मावेना, म्हणून नुसतं त्यांचं वजन ठेवलंय."