पौर्णिमेचं जेवण

केतकीचं लग्न झालं त्या वर्षी तिनं आजोबांना, शिदूआबांना, व्हिएतनाम दाखवायला नेलं. तिथं दोनशे वर्षांच्या एका राहत्या घरात मालकीण पाहुण्यांना जेवू घालत होती.

“काय लुसलुशीत मटण आहे गं!” आबा बोटं चाटत म्हणाले.

“आबा, फणस आहे तो! आज इथं दूधसुद्धा चालत नाही.” केतकीनं मालकिणीला विचारून सांगितलं, “पौर्णिमेला सगळं घर असंच जेवतं. सासूनं एकदा सांगितलं होतं म्हणे.”

“एकदाच?”

“एकदाच.”

आबांचा घास हातातच राहिला. त्यांची बायको अनसाबाई महादेवाचे सोमवार धरायची. निदान त्या दिवशी तरी घरात मटण नको, एवढंच ती मागायची. वीस वर्षं आबांनी ते हसण्यावारी नेलं.

अनसाबाई आदल्या माघात, सोमवारी, मटणाला फोडणी देताना चुलीपुढंच वारली.