अंगठ्याच्या बाजूचं हाड

“बाई, ही हाडं खऱ्या माणसाची आहेत?” मैत्रिणींनी पैज लावली होती. मी कुणाला घाबरते? विचारलंच.

“खरीच. तुझ्या जन्माआधीपासून शाळेच्या या पेटीत आहेत,” बाई म्हणाल्या. “हाड डावं की उजवं, हे स्वतःच्या हातावर धरून ओळखायचं. मोडून जुळलं असेल, तर तिथे गाठ दिसते. म्हणजे माणूस त्यानंतरही जगला.”

घंटा झाली. “बस हाडांशी गप्पा मारत! उद्या सायकल शर्यतीत बघू तुझा दम!” म्हणत मैत्रिणी पळाल्या. पेटी आवरायला मी एकटीच उरले.

कोपराखालचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मी हातावर धरलं. डावं होतं. लांबी अगदी माझ्या हाताची.

मनगटाजवळ गाठ होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून माझा डावा हात मोडला होता, नेमका तिथेच.

गाठीच्या वर आणखी एक तडा होता. त्याच्या कडा धारदार होत्या. तिथे गाठ आलीच नव्हती.

घरी बाबा माझ्या सायकलच्या साखळीला तेल देत होते. आई शर्टावर शर्यतीचा नंबर टाचत होती.

डावा हात पोटाशी घट्ट धरून मी म्हणाले, “आई, बाबा, उद्या मी शर्यतीत उतरणार नाही.”