शोकाकुल

"सगळ्यात आधी जे वाचलं जायला हवं, ते अक्षर सगळ्यात मोठं. रस्त्यावरचे फलक बघा, कळेल," असं अक्षरलेखनाच्या वर्गात सरांनी शिकवलं, आणि त्याच आठवड्यात आजोबा गेले. श्रद्धांजलीचा फलक साहजिकच नातीकडे आला. डोळे पुसत तिने आजोबांचं नाव ठसठशीत काढलं.

काका चष्मा चढवून म्हणाले, "'शोकाकुल'च्या खाली आमची नावं मुंगीएवढी झालीत गं. वाढव जरा."

तिने वाढवली. मग आत्या रुसली, तिचंही वाढवलं. जावयांचा मान राखायचा, म्हणून त्यांचीही.

"काका, आता आजोबांच्या नावाला जागाच उरली नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग ते बारीक कर की. ते कुठे वाचायला येणार आहेत!"